सरांचे आभार

महिला दिनाला पाहुणा म्हणून पुरुषाला बोलवायची आमच्या कॉलेजात रीत आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मुली रांगोळी काढतात, शिपाईमामा सतरंज्या घालतात, आणि एखादे ज्येष्ठ गृहस्थ येऊन स्त्री म्हणजे काय ते आम्हा बायकांना समजावून सांगतात. गेल्या वर्षी प्राचार्यांनी पाहुण्यांचं नाव सांगितलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. नाव ऐकलं आणि हातातला घास डब्यात परत ठेवला. व्याख्यानाचा विषय होता ग्रीक पुराणकथांमधली स्त्री.

मी डबा बंद केला आणि म्हणाले, "सर, आभार मी मानते."

सगळ्यांना हायसं वाटलं. आभारप्रदर्शन कुणालाच नको असतं. सूत्रसंचालनाला भाव असतो, पाहुण्यांच्या परिचयाला मान असतो, आणि आभार म्हणजे लोक चपला शोधत असताना बोलायचं काम. ते नेहमी सगळ्यात नव्या बाईच्या गळ्यात पडतं. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही इतिहासाच्या, तुमचं वाचन आहे, तुम्ही परिचय करून द्या ना." मी नको म्हणाले. परिचयानंतर पाहुणा तासभर बोलतो, त्याला हवं ते खोडून काढता येतं. आभारानंतर कुणीच बोलत नाही. हा हिशोब माझ्या डोक्यात तिथल्या तिथं पक्का झाला होता.

पाहुणे म्हणजे सर. नाव लिहीत नाही, कुणाचंच लिहिणार नाही. इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक, शहरात कुठलीही व्याख्यानमाला असो, सरांशिवाय पान हलत नाही. रविवारच्या पेपरात त्यांचं सदर यायचं. पांढरा झब्बा, बारीक आवाज, आणि बोलता बोलता चष्मा काढून पुसायची लकब. गोष्ट ते फार छान सांगतात. हे मला आजही कबूल करावं लागतं, आणि त्याचाच मला जास्त राग आहे.

मी पूर्वी ज्या कॉलेजात होते तिथं सर निवृत्तीनंतरही येऊन-जाऊन असायचे. मी तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि पुढच्या जूनमध्ये तास मिळतील की नाही ते विभागप्रमुखाच्या मर्जीवर. कन्नडहून आलेली शेतकऱ्याची पोरगी, गारखेड्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहणारी. घरी सगळ्यांना वाटायचं पोरगी प्राध्यापक झाली. मीही तसंच सांगायचे.

सर स्टाफरूममध्ये आले की ग्रीस घेऊनच यायचे. कुणा बाईनं पगार का थकला म्हणून विचारलं की सर म्हणणार, "हिनं रांजणाचं झाकण उघडलं, आता जगातली सगळी दुःखं बाहेर." केस मोकळे सोडून आलेली क्लार्क म्हणजे केसांच्या जागी साप असलेली, जिच्याकडं बघितलं की माणूस दगड होतो. गॅदरिंगला गाणारी बाई म्हणजे खलाशांची जहाजं बुडवणारी. माणसं हसायची. ज्यांनी उभ्या आयुष्यात ग्रीसचा नकाशा पाहिला नव्हता तेसुद्धा क्लार्कबाई आल्या की डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, दगड व्हायला नको. त्या बाईनं पुढं केस कापूनच टाकले. कुणी विचारलं तर सांगायची, उन्हाळ्याचा त्रास होतो.

आता माझं काय झालं ते सांगते. आमच्या विभागाची एक मागची खोली होती, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायची. विभागप्रमुखांनी मला गठ्ठे मोजायला बोलावलं आणि आत गेल्यावर कडी लावली. दंड धरून जवळ ओढलं, कमरेवर हात टाकला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी तुम्हाला पूर्ण तास देऊ, काळजी करू नका. मी कोपर मारलं. ते कपाटावर आपटले, काच फुटली. मी कडी काढून बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात दोन मुलं उभी होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी मी लेखी तक्रार दिली.

तक्रारीच्या चौकशी समितीत कॉलेजातल्या एक ज्येष्ठ मॅडम अध्यक्ष होत्या. बाहेरच्या संस्थेची एक सदस्य कागदावर होती, ती आली नाही. तिसरे सदस्य सर. मी रात्रभर मनात घोकून गेले होते. खोली कुठली, कडी कुठल्या बाजूला, ते काय म्हणाले, मी काय केलं. मला भीती होती ती एकाच गोष्टीची, की प्रश्न विचारतील तेव्हा रडू येईल.

मॅडमनी माझा अर्ज हळू आवाजात वाचला. मग सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "यावरून एक गोष्ट आठवली."

गोष्ट एका राणीची होती. राजाच्या पहिल्या बाईचा मुलगा, तरणाबांड, शिकारीचा नाद असलेला, ब्रह्मचारी. त्याच्यावर या सावत्र आईचं मन बसलं. तो नाही म्हणाला. अपमान झाला म्हणून तिनं गळफास घेतला आणि मरताना लिहून ठेवलं की सावत्र मुलानं माझी अब्रू घेतली. राजानं पोराचं काही ऐकून घेतलं नाही, शाप दिला. समुद्रातून एक बैल वर आला, रथाचे घोडे उधळले, आणि तो निरपराध राजपुत्र लगामात गुंतून खडकांवरून फरपटत मेला. सरांनी घोड्यांचं वर्णन केलं, पोराच्या रक्तानं भरलेल्या केसांचं केलं. बापाच्या मांडीवर डोकं ठेवून तो बापाला माफ करतो तिथं सरांचा आवाज भरून आला. मॅडमनी रुमाल काढून डोळे टिपले.

त्या रुमालानं माझं जे केलं ते विभागप्रमुखाला जमलं नव्हतं. हजारो वर्षांपूर्वीच्या, झालाच नसेल अशा एका राजपुत्रासाठी ही बाई माझ्यासमोर रडली. मी तिथंच समोर बसले होते, दंडावर चार बोटांचा निळा ठसा घेऊन, पूर्ण बाहीचा ब्लाउज घालून.

"मी काही तुमच्याबद्दल म्हणत नाही," सर मला म्हणाले. "पण तक्रार ही अशी चीज आहे, की त्यात एका माणसाचं आयुष्य जातं."

मॅडम म्हणाल्या, "बाळा, तूही नीट विचार कर. तुझं लग्न व्हायचंय."

मग चहा आला, भजी आली. विभागप्रमुख बाहेर बाकावर बसले होते, त्यांनाही आत बोलावलं. मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही. कागदावर लिहिलं गेलं की गैरसमजातून प्रकार घडला, आपसात मिटला. सही करायला मला पेन सरांनीच दिला. मी सही केली नाही. त्यानं काही अडलं नाही.

नंतर पुष्कळ विचार केला, की एवढी शिकलेली माणसं एका गोष्टीपुढं अशी कशी झुकली. मला जे उमगलं ते असं. सरांनी आपल्याकडची एखादी कथा सांगितली असती तर मॅडम मध्येच म्हणाल्या असत्या, आमच्या आजी हे वेगळं सांगायच्या. आपल्या पुराणातल्या कुठल्याही बाईची बाजू घेणारी एखादी ओवी, एखादा कीर्तनकार, एखादी म्हातारी गावात सापडतेच. कुणी ना कुणी भांडतं. ग्रीक राणीचं इथं कोण होतं? तिची आजी शहराजवळच्या पडेगावात राहत नव्हती. सर सांगतील ती गोष्ट, आणि सर सोडतील तो भाग गेला. वरून ग्रीक म्हटलं की माना डोलतात. जुनं, परदेशी आणि इंग्रजीतून आलेलं, म्हणजे ते खरंच असणार.

जूनमध्ये मला तास मिळाले नाहीत. तेही मी सोसलं असतं. पण त्याच सुमाराला एका रविवारी सरांच्या सदरात तीच गोष्ट छापून आली. नाव नाही, गाव नाही. फक्त शेवटी दोन ओळी, की आजही शहरातल्या शिक्षणसंस्थांमध्ये अशा राण्या आहेत आणि कायदा त्यांच्या हाती आहे. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. ग्रीसहून निघालेली ती राणी दुपारपर्यंत कन्नडच्या एसटी स्टँडवर पोचली. माझ्या मामानं पेपर घरी नेऊन वाचून दाखवला.

संध्याकाळी आईचा फोन आला. आई शाळेत गेलेली नाही. कधी मला शिव्या दिल्या नाहीत, त्या दिवशीही दिल्या नाहीत. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलली. मग म्हणाली, "खरं सांग बाई, रागावू नको. तू त्या माणसाला आधी काय बोलली व्हतीस का? पेपरात तसंच आलंय म्हणतेत समदे."

मी म्हणाले, "नाय."

"नाय ना? मग बरं," आई म्हणाली. आणि पुन्हा पाऊसपाणी.

तिनं विश्वास ठेवला की नाही ते मला अजून माहीत नाही. ती गेली. शेवटच्या आजारपणात तिचे पाय चेपताना दोनदा वाटलं विचारावं, आणि धीर झाला नाही. विभागप्रमुखाचा हात मी कोपरानं झटकला होता. गोष्टीला कोपर कुठं मारायचं? म्हणून माझा दात सरांवर आहे. लोक म्हणतात ज्यानं केलं त्याच्यावर राग धर, सरांनी काय केलं, नुसती गोष्ट सांगितली. मी म्हणते, तेच तर.

मग मी ग्रीक वाचायला लागले. भक्तीनं नाही, खुन्नस म्हणून. जे मिळेल ते, इंग्रजीतून, डिक्शनरी घेऊन. तेव्हा सापडलं की सरांनी गोष्टीचं तोंडच कापून टाकलं होतं. गोष्ट सुरू होते एका देवीपासून. प्रेमाची देवी. राजपुत्र तिला हात जोडत नव्हता, तिला कमी लेखायचा, म्हणून चिडून तिनं त्या राणीच्या मनात ही इच्छा घातली. राणी महिनोन्महिने स्वतःशी झगडत होती, शेवटी तिनं अन्नपाणीही सोडलं. ती वासना तिची नव्हतीच. देवांच्या भांडणात तिला वापरून फेकून दिली. हा भाग सरांना माहीत नव्हता असं नाही. सरांना ग्रीक पाठ आहे.

आणखी एक कळलं. त्या गोष्टीत ज्याचं कुणी ऐकून घेतलं नाही तो पुरुष होता. म्हणून ती एवढी वर्षं टिकली. ज्या बायकांचं ऐकून घेतलं नाही त्यांच्या गोष्टी टिकवायच्या तर रोज एक नवं पुराण लिहावं लागलं असतं. खरं सांगायचं तर मला ती राणी फारशी आवडत नाही. मला देवी आवडते. एका पोरानं अपमान केला तर तिनं अख्खं राजघराणं मातीत घातलं. माझ्या अंगात तेवढी शक्ती नव्हती. पण माईक मिळण्यासारखा होता.

तर महिला दिन. मार्चचं ऊन, पत्र्याचा हॉल, पंखे गरम वारा फेकत होते. सतरंजीवर मुली, मागं खुर्च्यांवर प्राध्यापक, पहिल्या रांगेत कडेला सरांच्या पत्नी. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. जाड चष्मा, सुती साडी, मांडीवर पाण्याची बाटली. सरांनी मला ओळखलं नाही. स्वागताला मीच गुलाब दिला, ते म्हणाले, "वा, वा." मी त्यांच्या कुठल्याच आठवणीत नव्हते. हे मला सोयीचंच होतं, तरी आतून चटका बसला.

व्याख्यान रंगलं. रांजण उघडणारी आली, सापांच्या केसांची आली, जहाजं बुडवणाऱ्या आल्या. मुली खुदखुदत होत्या. आणि शेवटी, मला खात्री होतीच, राणी आली. घोडे, खडक, बापाची मांडी. आवाज त्याच जागी भरून आला. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी शाल घातली, नारळ दिला. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, आता आभारप्रदर्शन, आणि ठरल्याप्रमाणे लोक चपला शोधायला लागले.

मी शिपाईमामांचे आभार मानले, माईकवाल्याचे मानले, चहावाल्या मावशींचे मानले. मग म्हणाले, "सरांचे आभार मला जरा सविस्तर मानायचे आहेत. त्यांनी आज सांगितलेली शेवटची गोष्ट मी पूर्वी एकदा त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. तेव्हा श्रोते कमी होते. एका माणसानं खोलीची कडी लावून मला धरलं होतं, आणि त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन मी सरांच्या समोर बसले होते. सरांनी मला काय झालं ते विचारलं नाही. त्यांनी मला ही गोष्ट सांगितली."

चपलांचा आवाज थांबला. प्राचार्य माझ्याकडं बघून तळहात खाली-वर करत होते, बसा, बसा. मी त्यांच्याकडं मान हलवली आणि पुढं बोलत राहिले. गोष्टीतली देवी सांगितली, सरांनी सोडलेली. रविवारचा पेपर सांगितला. माझ्या आईनं फोनवर काय विचारलं ते सांगितलं. आवाज कापेल असं वाटलं होतं, कापला नाही. सतरंजीवरच्या मुलींना म्हणाले, "तुम्ही कधी काही सांगायला गेलात आणि समोरचा माणूस म्हणाला की यावरून एक गोष्ट आठवली, तर उठून दुसऱ्या दारात जा. गोष्ट ऐकत बसू नका. मी बसले होते. एवढं शिकवल्याबद्दल मी सरांची आभारी आहे. धन्यवाद."

सर माईककडं निघाले होते. शाल घसरत होती, नारळ कुठं ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं. पण आमच्याकडं आभारातला धन्यवाद हा शब्द आला की मुली राष्ट्रगीत सुरू करतात, तसं त्यांनी ते सुरू केलं. सगळा हॉल उभा राहिला. सरही जागच्या जागी सावधान उभे राहिले, तोंड अर्धवट उघडं, नारळ पोटाशी. मी त्यांच्याकडं पाहत संपूर्ण राष्ट्रगीत म्हटलं. इतक्या वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. लोक म्हणतात सूड घेतल्यावर रितं वाटतं. मला अजिबात वाटलं नाही.

नंतर जे व्हायचं ते झालं. प्राचार्य म्हणाले, "ही जागा होती का?" एक सहकारी म्हणाले, वयाचा तरी विचार करायचा. सर नाश्त्याला थांबले नाहीत. माझ्याजवळून जाताना बारीक आवाजात म्हणाले, "तुमच्याकडं पुरावा काय होता?"

मी म्हणाले, "तुमच्या राजपुत्राकडं काय होता, सर?"

ते गाडीकडं गेले. मी गेटजवळच्या लिंबाखाली सावलीला उभी राहिले. तेवढ्यात सरांच्या पत्नी आल्या. हातात पिशवी, पिशवीत शाल आणि नारळ. मला वाटलं या आता बोलणार, आणि मी अंगातलं उरलंसुरलं बळ गोळा केलं. म्हाताऱ्या बाईला उलट बोलायचीही माझी तयारी होती.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. पदरानं चष्मा पुसला. म्हणाल्या, "मॅडम, त्या खोलीत काय झालं व्हतं तुमच्यासोबत? सगळं सांगा मला."

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. समितीनं नाही, पोटच्या लेकीला आईनंही असा विचारला नव्हता. उत्तर केव्हापासूनचं तयार होतं, घोकलेलं, मी ते मनात पुन्हा लावून घेतलं. बाई थांबल्या. घाई केली नाही. पलीकडं गाडी सुरू झाली, हॉर्न वाजला. त्यांनी मागं न बघता हात वर केला, थांबा म्हणून.

मी कडीपासून सुरुवात केली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सांगितले, दंडावरची बोटं सांगितली, फुटलेली काच, व्हरांड्यातली मुलं, पूर्ण बाहीचा ब्लाउज, मॅडमचा रुमाल, भजी, पेन. त्या मध्येमध्ये विचारायच्या, "मग?" आणि मी पुढचं सांगायचे. हॉर्न पुन्हा वाजला, पुन्हा हात वर झाला. सर स्टेअरिंगवर हात ठेवून आमच्याकडं बघत बसले होते. उन्हामुळं त्यांनी एसी लावला होता आणि काचा वर होत्या. त्यांना एक शब्दही ऐकू येत नव्हता.

मी सावकाश सांगत राहिले.